हिवाळी अंदाजाची पडताळणी: आकाशातून नेमकं काय पडलं, हे कसं ठरवायचं

अंदाज होता, "रात्री पाऊस, मग बर्फकण, मध्यरात्रीनंतर दहा सेंटिमीटर हिम." प्रत्यक्षात पाऊस लांबला, बर्फकण (वाटेतच पुन्हा गोठलेले थेंब) तासभरच पडले, मध्येच दोन तास गोठणारा पाऊस (थेंब म्हणून पडून वस्तूंना लागताच गोठणारा) झाला आणि त्यानंतर चार तास हिम पडलं. सकाळी मोजलं तर पाच सेंटिमीटर. हा अंदाज बरोबर की चूक? एक जण म्हणेल, हिम पडणार म्हटलं होतं, पडलं. दुसरा म्हणेल, निम्मंच पडलं. आणि ज्याची गाडी रस्त्यावर घसरली तो म्हणेल, खरा धोका तर कुणी सांगितलाच नाही. तिघांचंही म्हणणं खरं आहे, कारण तिघंही वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देताहेत.

हिवाळी अंदाज पडताळायचा तर हे प्रश्न आधी सुटे करावे लागतात: काही पडलं का, कोणत्या रूपात पडलं, आणि किती साठलं. नुसत्या पावसाच्या अंदाजात मधला प्रश्न नसतोच. हिवाळ्यात सगळी मेख तिथेच असते. दीड-दोन किलोमीटर उंचीवरच्या हवेत एक-दोन अंशांचा फरक पडला, तरी जमिनीवर हिमाच्या जागी गोठणारा पाऊस येतो. म्हणून माझा आग्रह असा, की वृष्टीचा प्रकार तासागणिक आणि स्वतंत्रपणे नोंदवावा. ती नोंद नसेल तर पुढे काढलेल्या गुणांना फारसा अर्थ उरत नाही.

आधी अंदाज कागदावर उतरवा

घटना होऊन गेली की अंदाजाची आठवण आपोआप सोयीची होते. त्यामुळे वही किंवा तक्ता वृष्टी सुरू होण्याआधी भरायचा. अंदाज कुणाचा, तो किती वाजता प्रसिद्ध झाला, कोणत्या ठिकाणासाठी आणि कोणत्या तासांसाठी आहे, प्रकार कोणता, प्रमाण किती आणि शक्यता किती टक्के, एवढं लिहा. पानाचा स्क्रीनशॉट जपून ठेवा, कारण अंदाज सतत बदलतो आणि जुना मजकूर बहुधा पुन्हा मिळत नाही.

अंदाज किती तास आधीचा घ्यायचा हेही एकदाच ठरवून टाका, उदाहरणार्थ 24 तास आधीचा आणि 48 तास आधीचा. दोन्हींचे तक्ते वेगळे ठेवा. आदल्या संध्याकाळी सुधारलेला अंदाज तीन दिवसांपूर्वीच्या अंदाजात मिसळला, तर कुणाचंच मोजमाप होत नाही.

"काही ठिकाणी हलका हिमवर्षाव संभवतो" अशा वाक्याची पडताळणी करता येत नाही. ते घेऊच नका, किंवा तुमच्या जागेपुरता त्याचा काटेकोर अर्थ आधीच लिहून ठेवा: या सहा तासांत, या ठिकाणी, मोजण्याजोगं हिम. मोजण्याजोगं म्हणजे किती, तेही लिहा. पाण्यासाठी 0.2 मिलिमीटर आणि हिमासाठी अर्धा सेंटिमीटर ही मर्यादा घरगुती साधनांना झेपते.

पडतंय ते डोळ्यांनी आणि हातांनी ओळखा

हा भाग सगळ्यांत महत्त्वाचा. यंत्रं इथेच चुकतात, आणि बाहेर उभा असलेला माणूस इथे यंत्रापेक्षा सरस ठरतो. सोबत गडद रंगाचं जाड कापड, विजेरी आणि धातूचं एक ताट एवढं पुरे. ताट अर्धा तास आधीच बाहेर, जमिनीपासून उंचावर ठेवा. घरातून आणलेलं उबदार ताट गोठणाऱ्या पावसाचा थेंब गोठूच देत नाही आणि तुम्ही बिनदिक्कत "पाऊस" लिहून मोकळे होता.

हिम कापडावर पडलं की पाकळ्या दिसतात, निदान एकमेकांत अडकलेल्या पाकळ्यांचे पुंजके तरी दिसतात. ते तरंगत येतं आणि आवाज करत नाही. पुंजके मोठे, जड आणि कापडावर लगेच विरघळणारे असतील तर हवेचा थर हिम वितळण्याच्या उंबरठ्यावर आहे असं समजा. ही नोंद आवर्जून करा, कारण पुढच्या तासात पाऊस आला तर त्याची चाहूल इथेच लागलेली असते.

बर्फकण म्हणजे वर वितळून खाली येताना पुन्हा गोठलेले थेंब. व्यास 5 मिलिमीटरपेक्षा कमी, बहुधा पारदर्शक किंवा अर्धपारदर्शक आणि टणक. ताटावर ते उडी मारतात आणि तडतड असा स्पष्ट आवाज येतो. बोटांत दाबले तर सहजी फुटत नाहीत. कधी कधी कवच गोठलेलं असतं आणि आत पाणी असतं. असा कण आपटून फुटला की मागे ओला डाग राहतो.

मऊ गारांशी त्यांची हमखास गल्लत होते. मऊ गार पांढरीशुभ्र आणि अपारदर्शक असते, कारण ती हिमकणावर अतिशीत, म्हणजे शून्याखाली जाऊनही न गोठलेले, ढगबिंदू चिकटत गेल्याने बनते. चिमटीत धरून दाबली की भुगा होतो. ती सहसा सरींसोबत, उंच वाढलेल्या ढगांतून येते. बर्फकणांना मात्र वर उबदार थर लागतो. दोन्हींमागची हवेची रचना निरनिराळी असल्यामुळे इथे चुकीचं नाव लिहिलं, तर पुढे अंदाजाच्या चुकीचं कारणही चुकीचंच निघतं. खऱ्या गारा याहून वेगळ्या: त्या गडगडाटी ढगांतून येतात, टणक असतात आणि 5 मिलिमीटर किंवा त्याहून मोठ्या असतात.

गोठणारा पाऊस पडताना साध्या पावसासारखाच दिसतो. त्याची ओळख वस्तूंवर पटते. लोखंडी कठडा, झाडाची बारीक फांदी आणि उभ्या गाडीचा आरसा यांवरून बोट फिरवा. थेंब पसरून गुळगुळीत, पारदर्शक थर झाला असेल आणि कठड्याच्या खालच्या कडेला छोटे सुळे लोंबत असतील, तर तो गोठणारा पाऊस. डांबरी रस्ता फक्त ओला दिसतो म्हणून निर्णय बदलू नका. जमिनीत साठलेली ऊब रस्त्याला बराच वेळ शून्याच्या वर ठेवते. फांद्या आणि कठडे त्याआधी गोठतात.

गोठणारी रिमझिम आणि हिमदाणे हे लहान आकाराचे प्रकार हमखास नजरेतून सुटतात. हिमदाणे पांढरे, अपारदर्शक, एका मिलिमीटरहून लहान असतात आणि आपटल्यावर उडत नाहीत. दोन्ही उथळ, थरांच्या ढगांतून येतात. विजेरीच्या झोतात तिरकं पाहिलं की दिसतात.

एका वेळी दोन प्रकार पडत असतील तर दोन्ही लिहा आणि जास्त असलेला आधी लिहा. एरवी तासाला एक नोंद पुरते, पण प्रकार बदलू लागला की दर दहा-पंधरा मिनिटांनी बाहेर डोकवा. बदलाची नेमकी वेळ ही अख्ख्या वादळातली सगळ्यांत मोलाची नोंद असते. आणि काही पडत नसेल तेव्हा "काही नाही" असं स्पष्ट लिहा. रिकामी ओळ म्हणजे वृष्टी नव्हती की निरीक्षकच नव्हता, हे नंतर कळत नाही.

इतरांच्या नोंदी वाचताना

विमानतळांचे मेटार, म्हणजे ठरावीक वेळी निघणारे हवामानाचे सांकेतिक अहवाल, सहज मिळतात. त्यांत आरए म्हणजे पाऊस, एसएन म्हणजे हिम, पीएल म्हणजे बर्फकण, जीएस म्हणजे मऊ किंवा लहान गारा, एसजी म्हणजे हिमदाणे आणि एफझेडआरए म्हणजे गोठणारा पाऊस. यूपी दिसलं तर यंत्राला काहीतरी पडताना जाणवलं पण प्रकार कळला नाही, असा अर्थ घ्या. त्या तासाला "वृष्टी झाली" धरा आणि प्रकाराच्या हिशेबातून तो तास वगळा. स्वतःच्या अंदाजाने रकाना भरू नका.

अहवालात ऑटो हा शब्द असेल तर तिथे माणसाची नजर नव्हती. स्वयंचलित सेन्सर पाऊस आणि हिम बऱ्यापैकी वेगळे ओळखतात, मिश्रणात मात्र गोंधळतात. अमेरिकेतल्या एएसओएस या स्वयंचलित हवामान केंद्रांवर बर्फकणांचा उल्लेख निरीक्षकाने हाताने भर घातली तरच अहवालात येतो. तिथला गोठणाऱ्या पावसाचा सेन्सर म्हणजे सुमारे 40,000 हर्ट्झने कंप पावणारी एक छोटी कांडी. तिच्यावर बर्फ चढला की वजनामुळे कंपसंख्या उतरते. युक्ती सुरेख आहे, पण कांडीवरचा बर्फ गोठणाऱ्या पावसाचा की ओल्या हिमाचा, हे नुसती कंपसंख्या सांगत नाही.

नागरिकांच्या नोंदी ही पोकळी भरून काढतात. अमेरिकेत 1998 साली सुरू झालेलं कोकोराज हे स्वयंसेवकांचं जाळं रोजचं पाणी आणि हिम मोजतं. 2012च्या डिसेंबरात सुरू झालेलं एमपिंग हे ॲप तर खास पडणाऱ्या वृष्टीचा प्रकार कळवण्यासाठीच बनलं. अशा नोंदी वापरताना दोन पथ्यं पाळा. एकटी नोंद आजूबाजूच्या सगळ्यांशी विसंगत असेल तर बाजूला ठेवा. आणि नोंदी दाट वस्तीत जास्त येतात हे लक्षात असू द्या. ओसाड भागात नोंद नाही म्हणजे वृष्टी नाही, असं होत नाही.

रडारचा उपयोग वृष्टी होतेय का आणि ती कुठे सरकतेय हे पाहायला. जमिनीवरचा प्रकार त्यावरून ठरवू नका. अर्ध्या अंशाने वर रोखलेला झोत 100 किलोमीटरवर जमिनीपासून सुमारे दीड किलोमीटर उंच असतो. तिथलं हिम खाली येईपर्यंत पाऊस झालेलं असू शकतं, किंवा कोरड्या हवेत पार आटून गेलेलं असू शकतं.

तापमापकाचा आकडा एकटा पुरत नाही

"तीन अंश तापमान होतं, हिम कसं पडेल?" हा प्रश्न नेहमी येतो. उत्तर आर्द्रतेत आहे. पडणारा कण कोरड्या हवेतून येताना बाष्पीभवनाने थंड होतो आणि त्याचं तापमान साधारण वेट-बल्ब तापमानाच्या, म्हणजे ओलं कापड गुंडाळलेल्या तापमापकाच्या आकड्याच्या, आसपास राहतं. हवा 3 अंश सेल्सिअस आणि आर्द्रता 50 टक्के असेल तर वेट-बल्ब शून्याच्या किंचित खाली जातं, आणि हिम जमिनीपर्यंत टिकू शकतं. उलट हवा 1 अंशावर पण पूर्ण संपृक्त (आर्द्रता 100 टक्के) असेल तर वेट-बल्बही 1 अंशच. तिथे हिम, पाऊस किंवा दोन्ही एकत्र, काहीही दिसू शकतं. त्यामुळे नोंदवहीत तापमानाशेजारी आर्द्रतेचा रकाना हवाच.

तापमापक आडोशाला, हवा खेळती राहील अशा पांढऱ्या पेटीत, जमिनीपासून दीड-दोन मीटरवर ठेवा. भिंतीला चिकटवलेला तापमापक एक-दोन अंश सहज जास्त दाखवतो आणि शून्याच्या आसपास एवढी चूक म्हणजे सगळा निकाल उलटा. वर्षातून एकदा वितळत्या बर्फाच्या आणि पाण्याच्या गाळात त्याचं टोक बुडवा. आकडा शून्य यायला हवा. जेवढा फरक येईल तेवढा प्रत्येक नोंदीतून वजा करा.

किती साठलं ते मोजा

हिमाची उंची गवतावर किंवा ओट्यावर मोजू नका. 40 ते 60 सेंटिमीटर लांबी-रुंदीची लाकडी फळी पांढरी रंगवून मोकळ्या पण वाऱ्याच्या झोतात नसलेल्या जागी सपाट ठेवा. पट्टी उभी खुपसून चार-पाच ठिकाणी मोजा आणि सरासरी घ्या. फळी साफ करण्याचं अंतर कायम ठेवा: 24 तासांतून एकदा, किंवा फार तर दर सहा तासांनी, त्याहून वारंवार नाही. दर तासाला फळी पुसून बेरीज केली तर एकूण आकडा फुगतो, कारण हिमाला स्वतःच्या वजनाने दबायला वेळच मिळत नाही. दोन शेजाऱ्यांच्या आकड्यांत तफावत निघते तेव्हा पुष्कळदा मूळ इथेच असतं.

उंचीएवढंच पाणीही महत्त्वाचं. सरळ कडेच्या दंडगोलाकार डब्यात जमलेलं हिम घरात आणून वितळवा, किंवा सरळ वजन करा. डब्याच्या तोंडाचं क्षेत्रफळ 100 चौरस सेंटिमीटर असेल तर 10 ग्रॅम म्हणजे 1 मिलिमीटर पाणी. मग उंचीला पाण्याने भागा. एक मिलिमीटर पाण्यामागे एक सेंटिमीटर हिम, म्हणजे दहास एक, हे प्रमाण अंदाजात सर्रास धरलं जातं. प्रत्यक्षात ओल्या, जड हिमात ते पाचास एकच्या खाली उतरतं आणि कडक थंडीतल्या भुसभुशीत हिमात वीसास एकच्या वर जातं. उंचीचा अंदाज चुकला की पाण्याचा चुकला की प्रमाणाचा, हे या भागाकारानेच कळतं. दुधाचं दूध आणि पाण्याचं पाणी इथे होतं.

वाऱ्याचा घाटा विसरू नका. उघड्या पर्जन्यमापकाच्या तोंडाशी वारा वळतो आणि हलकं हिम बाहेरच्या बाहेर निघून जातं. सेकंदाला पाच-सहा मीटर वाऱ्यात निम्म्याहून जास्त हिम हुकू शकतं. वारा असेल तेव्हा डब्यावर भिस्त न ठेवता, फळीवरच्या हिमात डबा उलटा दाबून सळईसारखा सरळ तुकडा काढा आणि त्याचं पाणी मोजा.

गोठणाऱ्या पावसाचा थर फांदीवर मोजा. फांदी 6 मिलिमीटर जाडीची आहे, बर्फासकट ती एका बाजूने 20 आणि दुसऱ्या बाजूने 14 मिलिमीटर भरली. सरासरी 17, त्यातून 6 गेले, उरलेल्या 11 चे निम्मे साडेपाच. हा झाला फांदीभोवतीचा सरासरी थर. सपाट पृष्ठभागावरचा थर वेगळा येतो, तेव्हा तुलना करताना अंदाज कोणत्या थराबद्दल बोलतोय ते पाहा.

वेळ जुळवा, मग तक्ता मांडा

संगणकी हवामान मॉडेलचे तक्ते आणि मेटार यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, असतात, तुमची वही स्थानिक वेळेत. सगळं एकाच वेळेत आणा. दुसरी फसगत अशी, की "सहा तासांची वृष्टी, वेळ 06" याचा अर्थ 00 ते 06, पुढचे सहा तास नव्हे. प्रकाराचा आकडा मात्र बऱ्याचदा त्या क्षणाचा असतो.

आता सुरुवातीची रात्र तासागणिक मांडू. अंदाज: 18 ते 21 पाऊस, 21 ते 24 बर्फकण, 00 ते 06 हिम. प्रत्यक्षात: 18 ते 22 पाऊस, 22 ते 23 बर्फकण, 23 ते 01 गोठणारा पाऊस, 01 ते 05 हिम, शेवटचा तास कोरडा.

पहिला प्रश्न, वृष्टी झाली का: बारा तासांचा अंदाज, अकरा तास झाली. उत्तम. दुसरा, प्रकार: या अकरा तासांपैकी आठ जुळले, म्हणजे सुमारे 73 टक्के. कोरडा तास इथे मोजायचा नाही. त्याची शिक्षा पहिल्या प्रश्नात होऊन गेली. मग प्रत्येक प्रकाराचा वेगळा हिशेब. हिमाचे चारही तास अंदाजाने पकडले, पण सहा तास सांगितल्यामुळे दोन खोटे इशारे झाले: पकड (झालेल्या तासांपैकी पकडलेल्यांचा वाटा) 1, खोट्या इशाऱ्यांचा वाटा 0.33, आणि यश भागिले यश, हुकलेले व खोटे यांची बेरीज, म्हणजे 4 भागिले 6, सुमारे 0.67. गोठणाऱ्या पावसाचे दोन तास होते आणि दोन्ही हुकले: पकड शून्य. 73 टक्क्यांच्या देखण्या आकड्याआड हे शून्य दडून बसतं, आणि त्या रात्रीचं खरं नुकसान त्या शून्यातच आहे.

एकूण टक्केवारी दुर्मीळ घटनांत किती दिशाभूल करते, याचं उदाहरण 1884 सालचं आहे. अमेरिकेत फिनली यांनी टोर्नेडोचे, म्हणजे ढगातून जमिनीपर्यंत उतरणाऱ्या भोवऱ्यांचे, 2,803 अंदाज तपासले: 28 बरोबर, 72 खोटे इशारे, 23 हुकलेले आणि 2,680 वेळा "नाही" म्हटलं आणि झालंही नाही. एकूण अचूकता 96.6 टक्के. पण रोज डोळे झाकून "नाही" म्हटलं असतं तर ती 98.2 टक्के आली असती. गोठणारा पाऊस बहुतेक जागी असाच दुर्मीळ असतो. त्यासाठी "काही झालं नाही" हे रकाने बाजूला ठेवणारेच गुण वापरा.

तिसरा प्रश्न, प्रमाण. अंदाज 10 मिलिमीटर पाणी आणि दहास एक, म्हणून 10 सेंटिमीटर. हिम सुरू होताना फळी साफ केली होती. नंतर 8 मिलिमीटर पाणी आणि 5 सेंटिमीटर उंची मिळाली, म्हणजे साधारण सहास एक. पाणी बरोबर धरलं असतं तरी जुन्या प्रमाणाने 8 सेंटिमीटर आले असते. म्हणजे पाच सेंटिमीटरच्या चुकीत दोन पाण्याचे आणि तीन घनतेचे.

अंदाज टक्क्यांत असेल तर ब्रायर गुण काढा. 70 टक्के म्हटलं आणि घटना झाली तर 0.7 वजा 1, त्याचा वर्ग 0.09. झाली नाही तर 0.49. सरासरी जितकी शून्याजवळ तितकं चांगलं. एका रात्रीवरून टक्केवारीचा निवाडा करू नका. त्याला हंगाम लागतात.

चूक कुठून आली ते शोधा

इथून पुढे पडताळणी खरी रंगते. जवळच्या केंद्रावर 00 आणि 12 यूटीसीला सोडलेल्या हवामान फुग्याची उभी नोंद (उंचीनुसार तापमान) काढा आणि मॉडेलची त्याच वेळेची उभी रेघ शेजारी ठेवा. वरच्या उबदार थराचं कमाल तापमान पाहा. ते साधारण 1 अंशाच्या आत असेल तर हिम अर्धवटच वितळतं आणि खाली पुन्हा गोठताना हिमासारखंच उतरतं. 1 ते 3 अंशांत बर्फकण आणि मिश्रण. 3 अंशांच्या वर कण पूर्ण वितळतो, आत बर्फाचा अंश उरत नाही, आणि खालचा थर गोठणबिंदूखाली असूनही थेंब अतिशीत पाणी म्हणूनच जमिनीवर येतो. हे ठोकताळे आहेत. खालच्या थंड थराची जाडी आणि थेंबाचा आकारही हिशेबात येतो. आपल्या रात्री बर्फकणांच्या जागी गोठणारा पाऊस आला, तेव्हा पहिला संशय या उबदार थरावर: मॉडेलने तो थंड किंवा पातळ धरला होता का?

उबदार थर अजिबात नसतानाही गोठणारी रिमझिम होते. ढगाचा माथा उणे 10 अंशांपेक्षा उबदार असला तर त्यात बर्फस्फटिक क्वचितच तयार होतात, आणि अतिशीत थेंब एकमेकांत मिसळून मोठे होत खाली येतात. अंदाजात "हलकं हिम" आणि प्रत्यक्षात गोठणारी रिमझिम असेल तर आधी ढगाच्या माथ्याचं तापमान पाहा.

आणखी दोन गोष्टी मॉडेलला चकवतात. जोरदार वृष्टीत हिम वितळताना हवेतली उष्णता शोषून घेतं, थर शून्यावर येतो आणि पाऊस अचानक हिमात बदलतो. उलट गोठणाऱ्या पावसात गोठताना उष्णता बाहेर पडते. थंड, कोरडी हवा बाजूने येत राहिली नाही तर तापमान शून्याकडे चढतं आणि थर वाढायचा थांबतो. या दोन्हींत वृष्टीचा जोर चुकला की प्रकारही चुकतो, म्हणून प्रत्येक प्रकार-चुकीशेजारी त्या तासाचं पाणी लिहा.

प्रत्येक चुकीला एक कारण लिहून ठेवा: वेळ, उबदार थर, जमिनीलगतची हवा, वृष्टीचा जोर, हिमाचं प्रमाण, किंवा आपलीच नोंद शंकास्पद. दोन-तीन हिवाळ्यांत एखादं कारण पुन्हा पुन्हा येताना दिसेल, आणि तेवढ्यापुरती दुरुस्ती तुम्ही अंदाज वाचतानाच करू शकाल. मॉडेलची नवी आवृत्ती आली, किंवा फळी वा तापमापकाची जागा बदलली, की तारीख टाकून नवा तक्ता सुरू करा आणि जुन्याची सरासरी त्यात मिसळू नका.